पॉश या शब्दाचं तिकीट

आमच्या मुलीचं लग्न एका इंग्रजी शब्दापायी बावीस दिवस अडून राहिलं होतं. शब्द काही वाईट नव्हता. शिवाय तो मी काढलाही नव्हता, होणाऱ्या विहीणबाईंनी काढला होता. पण घरात आजही विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात, म्हणून एकदा सगळा प्रकार क्रमवार लिहून ठेवतो. क्रमवार लिहिणं हा माझा पेशाच आहे. जमिनीची जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या कचेरीत मी अभिलेख विभागाचा हेडक्लार्क आहे. लोक कागद आणतात, मी तपासतो. खरा असला तर नकलेवर ‘मूळ पाहिले’ असं लिहून सही करतो, खोटा असला तर परत करतो. एकतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही खोटा कागद पुढे गेलेला नाही, आणि हे मी कोणी न विचारताही सांगतो.

इमारतीत माझं दुसरं एक खातं आहे. आमच्याकडे पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या पंपकाकांकडे आहे आणि इंग्रजी माझ्याकडे. म्हणजे पंप चालू-बंद ते करतात, आणि बँकेचं, विम्याचं, वकिलाचं इंग्रजी पत्र आलं की मंडळी माझं दार वाजवतात. मग मी चष्मा लावतो, पत्र उजेडात धरतो, एकदा मनात वाचतो, हुंकार देतो आणि मग अर्थ सांगतो. तळमजल्यावरच्या आजी एकदा रडवेल्या होऊन एक पत्र घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं कोर्टाचं आहे. मी शेवटपर्यंत गंभीरपणे वाचलं. मिक्सरची वॉरंटी होती. तरी आजी अजून म्हणतात की तुम्ही होतात म्हणून निभावलं. माणसाला आयुष्यात असं एखादं स्थान लागतं, आणि ते गेलं की काय होतं ते पुढे येईलच.

तर त्या रविवारी होणारे व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच आमच्या घरी आले. मुलगा आणि आमची मुलगी एकाच दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतात. त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं, आमच्याकडे फक्त तारीख ठरवायचं काम ठेवलं होतं. तेवढं तरी आम्ही नीट करू अशी त्यांची अपेक्षा असावी. तारीख ठरवायची घाईही होती, कारण चार महिन्यांनी मुलाला दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी परगावी जायचं होतं. लग्न होऊन दोघांनी मिळून जायचं असा बेत होता. हॉलवाल्याने एकच तारीख शिल्लक आहे म्हणून सांगितलं होतं, आणि महिनाअखेरपर्यंत नक्की कळवा, नाहीतर दुसऱ्याला देतो, असंही सांगितलं होतं.

चहा झाला. भिंतींना नुकताच रंग दिलेला होता. विहीणबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाल्या, “घर किती पॉश ठेवलंय हो तुम्ही!”

इथे मी ‘तुमचीच कृपा’ असं काहीतरी म्हणून गप्प बसायला हवं होतं. पण ‘पॉश’ हा शब्द कानावर पडला की मला राहवत नाही. मी म्हणालो, “हा शब्द आला कुठून, ठाऊक आहे?”

आमची ही लगेच उठून कप गोळा करायला लागली. मुलीने बिस्किटांची बशी पुन्हा एकदा सगळ्यांपुढे फिरवली. या दोन्ही हालचालींचा अर्थ मला आता कळतो.

मी गोष्ट सांगितली. जुन्या काळी विलायतेहून गोरे साहेब आगबोटीने पूर्वेकडच्या गरम देशांत येत. येताना जहाजाची डावी बाजू सावलीत असे, परत जाताना उजवी. डावी म्हणजे पोर्ट, उजवी म्हणजे स्टारबोर्ड. श्रीमंत माणसं पैसे मोजून दोन्ही वेळा सावलीतली खोली घेत, आणि त्यांच्या तिकिटावर पी-ओ-एस-एच असा चार आद्याक्षरांचा शिक्का बसे, म्हणजे पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम. त्या चार अक्षरांचा झाला पॉश. गोष्ट सांगताना मी हाताने जहाज करतो, ते वळवतो, आणि सूर्य म्हणून चहाची किटली वापरतो. विहीणबाई थक्क झाल्या. मी समाधानाने व्याह्यांकडे पाहिलं.

व्याही कपात बघत होते. ते म्हणाले, “असं तिकीट मी कधी पाहिलं नाही.”

“जुनी गोष्ट आहे,” मी म्हणालो.

“तीस वर्षं जहाजावर काढली मी. जुन्या जुन्या माणसांबरोबर काढली. त्यांच्याकडूनही कधी ऐकलं नाही.”

ते जहाजावर होते हे मला ठाऊक होतं. खरं तर म्हणूनच मी गोष्ट जरा रंगवून सांगितली होती. पण माझ्याच घरात, माझ्याच किटलीसमोर, माझ्या इंग्रजीला कोणी हरकत घ्यावी हे गेल्या वीस वर्षांत घडलेलं नव्हतं. माझी कानशिलं तापली आणि मी ते वाक्य बोललो.

“आपण इंजिनरूममध्ये होता ना? म्हणजे जहाजाच्या तळाशी. तिकिटं वर तपासतात.”

व्याह्यांच्या हातातलं बिस्कीट चहात बुडवलेलं होतं, ते तिथेच विरघळून गेलं. त्यांनी कप खाली ठेवला, रुमालाने हात पुसले आणि अतिशय सभ्यपणे म्हणाले, “तिकीट दाखवा. एक दाखवलंत तरी पुरे. मग तारखेचं बोलू.”

“दाखवतो,” मी म्हणालो. पाहुणे गेले.

दार लागल्यावर आमची ही माझ्यासमोर येऊन बसली. “सव्वीस वेळा ऐकली मी ही गोष्ट,” ती म्हणाली. “हो, मोजलंय. कधी कोणाचं काही बिघडलं नाही. सत्ताविसाव्या वेळी तुम्ही पोटच्या पोरीचं लग्न अडवलंत.”

मुलगी म्हणाली, “बाबा, फोन लावा आणि सॉरी म्हणा. विषय संपला.”

माफी मागायला माझी ना नव्हती. ते वाक्य वाईट होतं हे मला ते तोंडातून बाहेर पडतानाच कळलं होतं. पण माझा क्रम निराळा होता. आधी तिकीट दाखवायचं, आपलं म्हणणं सिद्ध करायचं, आणि मग मोठ्या मनाने माफी मागायची. नुसती माफी मागितली तर इंग्रजीही गेलं आणि मानही. मी हे दोघींना समजावून सांगितलं. दोघी स्वयंपाकघरात निघून गेल्या.

ही गोष्ट घराबाहेर जाऊ द्यायची नाही असं आमचं ठरलं होतं. आमच्या हिने ती फक्त एकाच बाईला सांगितली, तीही शपथ घालून. दुसऱ्या दिवशी कचेरीतून येतो तो जिन्यात पंपकाका उभे.

“तिकिटाच्या मागे कशाला लागलात?” ते म्हणाले. “शब्द पॉलिशवरून आलाय. पॉलिश, पॉलिश म्हणता म्हणता लोक कंटाळले आणि अर्ध्यावर सोडून दिलं. पंपाला आपण पंपिंग मशीन म्हणतो का?”

मी म्हणालो, याला पुरावा काय? ते म्हणाले, अनुभव. पंपकाकांशी वाद घातला तर दुसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावर पाणी उशिरा चढतं, म्हणून मी त्यांचं म्हणणं विचारार्थ ठेवून घेतलं.

समोरच्या इमारतीत एक निवृत्त इंग्रजीचे मास्तर राहतात. माझी सगळी भिस्त त्यांच्यावर होती, कारण चाळीस वर्षांपूर्वी ही गोष्ट मला वर्गात त्यांनीच सांगितली होती. ते पायाला मलम चोळत बसले होते. मी विचारलं, “सर, आपण हे कुठल्या पुस्तकात वाचलं होतं?”

“लाल होतं,” मास्तर म्हणाले.

“नाव?”

“जाड होतं चांगलं.”

“लेखक?”

मास्तरांनी मलमाची बाटली बंद केली. “हे बघ, मी चौतीस वर्षं ही गोष्ट शिकवली. दरवर्षी साठ मुलं. दोन हजार माणसांना ठाऊक असलेली गोष्ट खोटी असेल का?” हा हिशेब ऐकून मला एकदम धीर आला. घरी परतताना मात्र माझ्या लक्षात आलं की त्या दोन हजारांत एक मीही आहे.

आठवडाभरात सगळी इमारत तिकीट शोधायला लागली. लोकांचा हेतू चांगला होता. तळमजल्यावरच्या आजींनी नवऱ्याची ट्रंक उपसली आणि त्यातून सर्कशीचं तिकीट काढून आणलं, तिसरी रांग, खुर्ची अकरा. “हेही जुनंच आहे,” त्या म्हणाल्या, “बघा चालतंय का.” तिसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने एका जहाजाचं चित्र असलेली काड्यापेटी दिली. येता-जाता लोक विचारू लागले, “मिळालं का हो?” आवाज असा, की जणू घरातलं कोणी हरवलंय. ज्या जिन्यात मी ‘जरा हे पत्र बघता का’ ऐकत चढायचो, त्याच जिन्यात आता लोक माझ्याकडे कणवेने बघत होते.

मुलगी माझ्याशी कामापुरतं बोलत होती. तिनेच फोनवर शोधून सांगितलं की परदेशात जुन्या आगबोटींचे कागद जपणारं एक संग्रहालय आहे, त्यांना पत्र लिहा. मी तीन संध्याकाळी बसून चार पानी इंग्रजी मसुदा केला. त्यात माझ्या नोकरीचा तपशील, मुलीचं शिक्षण, विवादाची पार्श्वभूमी आणि शेवटी सविनय विनंती होती. मुलीने तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि तीन ओळी टाइप करून पाठवून दिल्या. मी विचारलं, “पार्श्वभूमी?” ती म्हणाली, “बाबा, ती त्यांना नको असते.”

उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. शहराच्या मोठ्या ग्रंथालयात इंग्रजीचा एक अनेक खंडांचा कोश आहे, त्यात प्रत्येक शब्दाची जन्मापासूनची हकिकत असते. मी तिथे गेलो. कोश काचेच्या कपाटात होता, कपाटाला कुलूप होतं. मी बाहेरून ‘पी’चा खंड बघू शकत होतो. टेबलावरच्या गृहस्थांनी फॉर्म दिला. त्यात ‘कारण’ या रकान्यात मी ‘वैयक्तिक’ लिहिलं.

“वैयक्तिक कारणासाठी फक्त कादंबऱ्या मिळतात,” ते म्हणाले. “कोशाला संशोधन लिहावं लागतं. आणि संशोधनाला संस्थेचं पत्र लागतं.”

माझी संस्था म्हणजे माझी कचेरी. मी साहेबांकडे अर्ज केला. साहेबांनी त्यावर लिहिलं, ‘अभिलेख विभागाचा सदर शब्दाशी संबंध काय?’ मी लिहिलं, ‘कार्यालयीन इंग्रजी सुधारणे.’ साहेबांनी ते आस्थापना शाखेकडे पाठवलं. आस्थापना शाखेने शेरा मारला, की एका कर्मचाऱ्यास एका शब्दासाठी परवानगी दिल्यास इतर कर्मचारीही आपापल्या शब्दांसाठी मागणी करतील, तरी धोरण ठरवावे. त्या शाखेचा हेडक्लार्क माझ्याबरोबर डबा खातो. मी जेवताना त्याला विचारलं, “अरे, असं का लिहिलंस?” तो म्हणाला, “तू असतास तर काय लिहिलं असतंस?” मी विचार केला. मी हेच लिहिलं असतं, फक्त अक्षर बरं काढलं असतं.

सहा दिवसांनी पत्र मिळालं. ग्रंथालयात गेलो तर कपाटाची किल्ली ज्या बाईंकडे असते त्या रजेवर होत्या. त्या परत आल्यावर पुन्हा गेलो. बाईंनी पत्र हातात घेतलं, उजेडात धरलं आणि परत दिलं.

“शिक्का पुसट आहे,” त्या म्हणाल्या.

पुसट शिक्क्यासाठी मी एकतीस वर्षांत किती माणसं परत पाठवली असतील याची गणती नाही. लांबून आलेली, हातात पिशवी घेतलेली माणसं. ती जाताना माझ्याकडे कसं बघतात हे मी कधी पाहिलं नव्हतं, कारण तोवर मी पुढचा कागद घेतलेला असायचा. त्या दिवशी काउंटरच्या या बाजूला उभा राहून मला ते कळलं, आणि खरं सांगतो, लाज वाटली. मी दुसऱ्या दिवशी शिक्क्याच्या पॅडला स्वतः शाई घातली आणि ठसठशीत शिक्का मारून पत्र नेलं.

कपाट उघडलं. खंड टेबलावर आला. मी चष्मा पुसला आणि शब्द काढला. बारीक अक्षरांत पाऊण स्तंभ मजकूर होता. पूर्वी कधीतरी चोरांच्या बोलीत हा शब्द एका क्षुल्लक नाण्यासाठी वापरत. पुढे कधीतरी छानछोकीच्या माणसाला असं म्हणत. यातूनच आजचा शब्द आला की काय, ठामपणे सांगता येत नाही. उगम अनिश्चित. आणि शेवटी, जहाजाच्या तिकिटाची जी हकिकत सांगतात तिला कोणताही पुरावा सापडलेला नाही.

मी ते तीन वेळा वाचलं. मग सवयीने कागदाची जात, छपाई, पानाचा क्रमांक तपासला. सगळं अस्सल होतं. चाळीस वर्षं मी ज्या गोष्टीवर जहाज वळवत होतो ती गोष्ट कुठल्याच दप्तरात नव्हती. बाईंनी विचारलं, “मिळालं का हवं ते?”

“मिळालं,” मी म्हणालो. “नाही असं मिळालं.”

त्याच संध्याकाळी संग्रहालयाचं उत्तर आलं. अशा चौकशीची पत्रं आम्हाला नेमाने येतात, असं तिकीट आजवर आम्हाला एकही आढळलेलं नाही, आपल्याला आढळल्यास कृपया आधी आम्हाला दाखवावं. मुलीने ते मोठ्याने वाचलं आणि फोन माझ्या हातात दिला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, “तीन दिवस राहिलेत, बाबा. मग तो एकटा जाईल. मी इथेच.” आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तिला पहिल्या दिवशी शाळेत सोडलं तेव्हाही ती अशीच पाठ करून उभी होती.

जिन्यात पंपकाकांनी मला बाजूला घेतलं. त्यांना बातमी कळलेली होती, कशी ते विचारू नका. ते हळूच म्हणाले, “माझ्या ओळखीचा एक छापखानावाला आहे. कार्डाएवढा तर कागद. कोणाला कळतंय?”

माझा संताप झाला. “काका,” मी म्हणालो, “एकतीस वर्षं मी खोटे कागद पकडतोय. आता स्वतः बनवू?” ते म्हणाले, “बघा बुवा, मुलगी तुमची आहे.” दुसऱ्या दिवशी पाणी दुपारी आलं.

मी कोशातल्या त्या पानाची झेरॉक्स काढली. सवयीने तिच्यावर ‘मूळ पाहिले’ लिहून सही केली, तारीख घातली, फाइलला लावली आणि व्याह्यांकडे जायला निघालो. आमची ही बरोबर आली. रिक्षात ती एवढंच म्हणाली, “आत गेल्याबरोबर बोलून टाका. प्रस्तावना नको.” मी मनात वाक्य पाठ करत होतो. आपण बरोबर होता, मी चुकलो, आणि तळाशी वगैरे बोललो ते फार चुकलो. तीन भाग होते आणि तिन्ही जड होते.

दार व्याह्यांनीच उघडलं. मी तोंड उघडणार तोच ते म्हणाले, “बरं झालं आलात. मीच येणार होतो. या, बसा. तुमचं तिकीट सापडलं.”

“काय?” मी म्हणालो.

“माझ्याच पेटीत होतं. जुने कागद चाळताना मिळालं. एका म्हाताऱ्या खलाशाने दिलं होतं, विसरूनच गेलो होतो मी.” ते हे सगळं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलत होते. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून एक पिवळट कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. “मी उगाच वाद घातला. आपलं बरोबर होतं.”

विहीणबाई आतून म्हणाल्या, “अहो, सरबत चालेल ना? चहाची पावडर संपलीय. आठवड्यात दुसरा डबा. कुठे जाते कळत नाही.”

मी कार्ड हातात घेतलं. आमच्या विभागात कागद आधी हुंगतात, मग वाचतात. मी हुंगला. चहा. दुधाशिवाय, चांगला उकळलेला. जुना कागद कडांकडून आत पिवळा होत जातो, हा मधोमध जास्त पिवळा होता, म्हणजे बशीत ठेवून वाळवलेला. घडी घातलेली होती पण घडीवर मळ नव्हता. कडेची भोकं सुईने पाडलेली होती, सरळ रेषेत, इंजिनियरच्या हाताने. चार अक्षरांचा शिक्का लाल होता आणि तो कोरलेल्या खोडरबराने मारलेला होता. वर जहाजाचं नाव होतं. ते जहाज नुसता कोळसा वाहणारं होतं, प्रवासी घेणारं नव्हतंच, हे पहिल्या भेटीत त्यांनीच मला सांगितलं होतं. एवढा ढोबळ खोटा कागद माझ्यासमोर आणायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती.

मी वर पाहिलं. तीस वर्षं मोठमोठी यंत्रं चालवलेला तो माणूस परीक्षेच्या निकालाला आल्यासारखा उभा होता. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला लाल शाई होती. ती लपवायला त्यांनी मूठ मिटलेली होती.

आमची ही माझ्या तोंडाकडे बघत होती. खोटा कागद हातात आल्यावर माझं तोंड कसं होतं हे तिला माहीत आहे. तिने डोळे मिटून घेतले.

मी खिशातून पेन काढलं. कार्ड उलटं केलं आणि मागच्या बाजूला माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं, ‘मूळ पाहिले.’ खाली सही केली, तारीख घातली.

“अस्सल आहे,” मी म्हणालो.

व्याही धपकन खुर्चीत बसले. विहीणबाई सरबत घेऊन आल्या, तारखेचं बोलणं पाच मिनिटांत झालं, आणि हॉलवाल्याला आमच्या हिने तिथूनच फोन लावला. मुलीला कळवायला बायका आत गेल्या, तशी मी फाइल उघडली आणि झेरॉक्स व्याह्यांच्या हातात दिली. ते चष्मा लावून सावकाश वाचत गेले. शेवटच्या ओळीला थांबले.

“म्हणजे मीच बरोबर होतो?”

“पूर्णपणे.”

“आणि हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“हेच सांगायला आलो होतो. शिवाय, तळाशी होता असं जे बोललो ते फार वाईट बोललो. त्यासाठी माफी मागायची होती. अजूनही मागायची आहे.”

“तळाशी तर होतोच,” ते म्हणाले. “आठ आठ दिवस सूर्य दिसायचा नाही. सावलीची बाजू कुठली, आम्हाला काय कळणार!” ते हसले, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. “मुलगा जेवत नव्हता हो. बोलतही नव्हता. म्हटलं, एका कागदाने भागत असेल तर करून टाकू. चार दिवस राबलो. पहिली तीन चहात विरघळली.”

“अंगठा धुऊन टाका,” मी म्हणालो.

त्यांनी अंगठ्याकडे पाहिलं आणि ओशाळले. मग एकदम म्हणाले, “ओळखलंत केव्हा?”

“हातात घेतल्याबरोबर.”

“मग सही का केलीत? तुमचं ते, एकतीस वर्षांत एकही खोटा कागद नाही...”

“एकतीस वर्षं माझ्यापुढे खोटे कागद येताहेत,” मी म्हणालो. “प्रत्येकाने स्वतःसाठी केलेले. कोणी भावाची जमीन घ्यायला, कोणी बहिणीचं नाव खोडायला. माझा मान राहावा म्हणून कोणी कागद केला, असं हे पहिलंच.”

आतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं, आणि फोनवर मुलीचा आवाजही, एकाच वेळी रडणारा आणि रागावणारा. मग व्याह्यांनी हात पुढे केला.

“द्या ते इकडे. फाडून टाकतो. उगाच कोणाच्या हाती लागलं तर तुमची पंचाईत.”

मी कार्ड पाकिटात घातलं, पाकीट फाइलला लावलं आणि फाइल काखेत घट्ट धरली.

“आता नाही फाडता येणार, व्याही,” मी म्हणालो. “सही झालेला कागद आमच्याकडे फाडत नाहीत.”